दादाच्या भागातलं पाणी

दादाच्या कॉम्प्युटरची डिस्क एकूण आठशे पन्नास एम.बी.ची होती. त्यातली दादाने वापरलेली जागा अडतीस एम.बी., म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. उरलेली आठशे बारा एम.बी. दादा गेल्यापासून रिकामी पडून होती, आणि ते मला रोज टोचायचं. घरातली एखादी खोली वापराविना पडून राहिली तरी मला असंच होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी भिवंडीत एका सायझिंगमध्ये कामाला होतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ लावून ते बीमच्या मोठ्या रुळावर गुंडाळतात, तो कारखाना म्हणजे सायझिंग. माझं काम लिहिण्याचं. बीमवर किती धागे, किती मीटर, किती ठिकाणी तुटले. सकाळी साडेसातला घर सोडायचं आणि संध्याकाळी पाचला परत यायचं. शुक्रवारी सुट्टी, कारण शुक्रवारी सगळ्या गावाचे लूम बंद असतात.

आमचं घर पूर्वी शेताच्या कडेला होतं. ऐंशीच्या दशकात आजूबाजूला एकेक शेड उभी राहिली आणि घर तीन बाजूंनी लूमच्या मध्ये सापडलं. त्या आवाजाची सवय नसलेल्या माणसाला तो सांगून कळायचा नाही. आवाज कानात कमी आणि पायांत जास्त असतो. फरशी थरथरते, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागतात. घरातल्या घरात बोलताना आम्ही अर्धं हातांनी बोलायचो. शुक्रवारी हे सगळं थांबायचं आणि माणसांना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. मला लहानपणापासून शुक्रवारची थोडी धास्ती वाटत आली आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, वीस वर्षं लूमवर जॉबर होता. बिघडलेला लूम चालू करून द्यायचा. पुढे छातीत कापसाची धूळ साठून दम लागायला लागला, तेव्हा काम सोडून तो घरी बसला. त्याने एक जुना ४८६ कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तक समोर ठेवून स्वतःच शिकला. त्याची आणि वहिनींची मागची खोली होती. तिच्या खिडकीतून परसातली विहीर दिसते. त्यांना मूलबाळ नव्हतं.

दादाला एकच छंद, विहिरीचं पाणी मोजण्याचा. आजूबाजूला बोअर पडत होत्या आणि विहीर खाली जात होती. तो म्हणायचा, "पाणी कुठं जातंय हे भांडून कळणार नाही. आकड्यानं कळेल." आधी त्याच्या वह्या होत्या. कॉम्प्युटर आल्यावर त्याने बेसिक नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मशीन चालू केलं की डॉस ही जुनी सिस्टिम सुरू होऊन थेट तोच प्रोग्रॅम यायचा. पडद्यावर वर तारीख आणि वेळ, खाली रोमन अक्षरांत एकच शब्द, "पाणी?" काठापासून पाण्यापर्यंत किती हात आणि किती बोटं, एवढं टाकायचं. चोवीस बोटांचा एक हात. एंटर दाबलं की आकडा तारीख-वेळेसकट फाइलला जोडला जायचा, ओळीचा नंबर दिसायचा आणि खाली यायचं, "बरं." दादा बोलतानाही असंच बरं म्हणून गप्प बसायचा.

तो गेला त्याला पाच महिने झाले होते. मशीनवर वहिनींनी चादर घातली होती. एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर मला लिनक्स नावाच्या नव्या सिस्टिमची सीडी मिळाली. मला ते शिकायचं होतं. सायझिंगमध्ये आज ना उद्या कॉम्प्युटर येणार आणि हातानं लिहिणारा माणूस नको होणार, हे दिसत होतं. दुसरं मशीन घेणं शक्य नव्हतं. एकाच मशीनवर दोन सिस्टिम ठेवता येतात हे त्याच मासिकात वाचलं होतं. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात जुनं, एकात नवं, आणि चालू करताना कुठलं हवं ते सांगायचं.

मी वहिनींना विचारलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, तुमाला काय करायचं ते करा. त्यांचं पाणी तेवढं पुसू नका."

"पुसणार नाही," मी म्हणालो. "शब्द देतो."

काम एका शुक्रवारी सकाळी केलं. आधी दादाची फाइल फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि ओळी मोजल्या. एक हजार एक्केचाळीस. शेवटची ओळ तो दवाखान्यात गेला त्याच्या आदल्या दिवसाची. ते सगळं मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. मग डिस्कवर विखुरलेला त्याचा मजकूर एका टोकाला गोळा केला. पडद्यावर छोटे चौकोन एकेक करून सरकत होते. मग फ्लॉपीवरून फाळणीचा प्रोग्रॅम चालवला. जुना भाग कुठे संपवायचा ते विचारून झाल्यावर त्याने शेवटचं विचारलं, करू का? इथे चूक झाली असती तर दादाचं सगळं गेलं असतं. मी वाय, म्हणजे हो, दाबलं. खोलीत इतकी शांतता होती की डिस्क फिरताना ऐकू येत होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. "झाली वाटणी?"

"झाली. दादाचा भाग तसाच आहे."

"तुमी दोघा भावांनी जमिनीची वाटणी कधी केली न्हाय," त्या म्हणाल्या. "आता ते गेल्यावर केलीत व्हय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुपारी दुसऱ्या भागात लिनक्स चढवलं. ते पुष्कळ प्रश्न विचारतं. त्यातला एक असा होता की मशीनच्या आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवायचं का. मी विचार केला. सगळ्या जगाची मोजणी जिथून सुरू होते ती वेळ आत ठेवावी आणि त्यावरून आपली काढावी, हे मला शिस्तीचं वाटलं. मी हो म्हटलं. शेवटी, मशीन चालू केल्यावर कोणती सिस्टिम आधी यावी, हे ठरवायचं होतं. दहा सेकंद कुणी काहीच दाबलं नाही तर दादाचा भाग सुरू होईल असं मी लावलं. घरातला मोठा तो. मला माझं हवं असेल तर मी बटण दाबीन.

पुन्हा ओळी मोजल्या. एक हजार एक्केचाळीस. मशीन बंद करून चादर घातली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तासभर मी लिनक्सवर बसायचो. दादाच्या भागात गेलो नाही. मशीन चालू केल्यावर दहा सेकंदांच्या आत बटण दाबायचं, एवढीच घाई असायची. का कोण जाणे, पण ते दहा सेकंद संपू द्यायला मला नको वाटायचं. तो प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एकविसाव्या दिवशी, परत शुक्रवार होता. डिस्कची फाळणी नीट टिकली आहे का हे अधूनमधून तपासावं असं मासिकात लिहिलं होतं. लिनक्समधून दादाचा भाग उघडता येतो. मी तिथूनच फाइलच्या ओळी मोजल्या.

एक हजार एकोणसाठ.

परत मोजल्या. तेवढ्याच. वही काढून बघितली, फ्लॉपी लावून बघितली. फ्लॉपीवर एक हजार एक्केचाळीस. डिस्कवर अठरा जास्त.

आधी वाटलं, फाळणीत डिस्क बिघडली आणि कचरा जोडला गेला. फाइल उघडली. कचरा नव्हता. मी मशीनचे दोन भाग केले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज एक ओळ. तारीख, वेळ, हात, बोटं. पहिली तेरा हात चार बोटं. शेवटची, काल गुरुवारची, चौदा हात सात बोटं. मधले आकडे चढत गेलेले, कधी एका बोटाने, कधी दोन. एकवीस दिवसांत अठरा ओळी. ज्या तीन दिवसांच्या नव्हत्या ते तिन्ही शुक्रवार.

आणि वेळ. तीन पन्नास. तीन अठ्ठेचाळीस. चार वाजून दोन मिनिटं. सगळ्या ओळी पहाटेच्या.

मी उठून परसात गेलो. विहिरीच्या रहाटाशी दादाचा दोर खिळ्याला अडकवलेला होता. हाताहातावर गाठी मारलेला, टोकाला लोखंडी वजन. मी तो खाली सोडला. वजन पाण्याला लागल्याचं हाताला कळतं. काठाशी चिमटीत धरून वर ओढला आणि गाठी मोजल्या. चौदा. उरलेलं बोटांनी मोजलं. आठ.

काल सात. आज आठ.

मी काठावर बसलो. लूम बंद होते. खाली वजनावरून गळालेले थेंब पाण्यात पडताना एकेक ऐकू येत होते. मशीनमध्ये जे लिहिलं होतं ते खरं होतं, हे जास्त वाईट होतं. ते खोटं निघालं असतं तर मी डिस्क दुरुस्त करून मोकळा झालो असतो.

घड्याळाचा सेल संपला असेल, हेही तपासलं. लिनक्समध्ये दिसणारी वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला जुळत होती. घरातलं कुणी? पहाटे चारला बायको माझ्या शेजारी असते. दादा गेल्यापासून वहिनी पुढच्या खोलीत आमच्या मुलीपाशी झोपायच्या. मागे जायचं तर माझ्या खाटेला वळसा घालून जावं लागतं, आणि माझी झोप सावध. शिवाय वहिनी चौथी शिकलेल्या. मशीनला त्यांनी फडकं मारण्यापलीकडे हात लावलेला मी पाहिला नव्हता.

मग एक ओळ ध्यानात आली. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारची. आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. त्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो. बुधवारच्या ओळीपुढे वेळ होती तीन छप्पन.

मी शेजारी गेलो. शेजारचे लूमवाले चाचा आमच्या वडिलांपासूनचे. त्यांचं घराणं खाडीकाठचं, मराठी आमच्यासारखंच, पण लूमवरच्या माणसांशी बोलून बोलून अर्धं हिंदी झालेलं.

"चाचा, त्या बुधवारी लाइट किती वाजता आली?"

"क्यूं रे? आता वीज कंपनीवर केस करतोस काय?" ते हसले. मग जॉबरचं रजिस्टर मागवून चष्मा लावून बघितलं. "हे बघ. सुबह सात बजके दस मिनिट. लिहिलेलं हाय. तुझ्या भावानंच शिकवलं आमच्या पोरांना टाइम लिहायला."

सात दहा. त्याआधी सगळी रात्र गल्लीत वीज नव्हती. विजेशिवाय मशीन चालू झालं होतं, प्रश्न विचारला होता, आणि कुणीतरी उत्तर दिलं होतं.

मी देवभोळा नाही. तरी त्या दुपारी मागच्या खोलीत मी एकटा गेलो नाही. रोज संध्याकाळी चादरीच्या घड्या मी घालतो तशाच सापडायच्या. ते आठवून तर आणखी नको वाटलं.

बायकोला सांगितलं. ती बालवाडीत शिकवते, सरळ बोलते. तिने सगळे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, मग पुसून टाका ना तो भाग. तुमची झोप गेली आहे, माझी घालवू नका."

"वहिनींना शब्द दिलाय."

"फ्लॉपीवर आहे ना सगळं? मग पुसलं कुठे?"

हिशेबाने ते बरोबर होतं. दादाच्या हातच्या एक हजार एक्केचाळीस ओळी फ्लॉपीवर होत्या. वरच्या अठरा त्याच्या नव्हत्या, निदान त्याच्या असू शकत नव्हत्या. मी ठरवलं, येत्या शुक्रवारी दादाचा भाग पुसायचा आणि सगळी डिस्क एक करायची. वहिनींना सांगायचं नाही. असं ठरवताना आपण शब्द मोडतो आहोत हे मला कळत होतं. म्हणून मी मनाशी सारखं फ्लॉपी, फ्लॉपी म्हणत होतो.

बुधवारी सकाळी मी सायझिंगमध्ये पोचून तासभर झाला असेल, तोच निरोप आला की चाचांच्या आई गेल्या. फार म्हाताऱ्या होत्या. आमच्या गल्लीत कुणी गेलं की, घर कुणाचंही असो, माती होईपर्यंत गल्लीतले सगळे लूम बंद ठेवतात. वीज असते, माणसं असतात, पण पट्टे उतरवून ठेवतात. दादा गेला तेव्हाही ठेवले होते. मी रजा टाकून निघालो.

गल्लीत शिरलो आणि पाय आपोआप हळू पडायला लागले. बुधवार असून शुक्रवारसारखं झालं होतं. शेडची दारं उघडी, आत अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं, कामगार बाहेर ओट्यांवर गप्प बसलेले. चाचांच्या दारात माणसं जमत होती. मयत दुपारच्या नमाजानंतर निघणार होती. बायको बालवाडी बंद ठेवून तिकडेच बायकांत गेलेली होती. मी पाय धुऊन कपडे बदलावे म्हणून घरात आलो.

घर रिकामं होतं. मी मोरीपाशी उभा होतो आणि मागून आवाज आला.

रहाटाची कुरकुर. मग थांबला. मग ओल्या पावलांचा. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, अगदी बारीक, बटणं दाबल्याचा. एक. दोन. थांबून पुन्हा एक.

इतकी वर्षं त्या घरात राहून, लूम चालू असलेल्या दिवशी हा आवाज मला कधी ऐकू आला नसता. पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. ती मी कशी टाकली ते आठवत नाही. दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. शेजारी फरशीवर गाठींचा दोर, त्याच्याखाली पाण्याचं थारोळं. पडद्यावर ओळीचा नंबर होता, एक हजार चौसष्ट. खाली "बरं." वर कोपऱ्यात वेळ, तीन पन्नास.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस झाले होते.

नऊ वीस आणि तीन पन्नास. मी वजाबाकी केली. साडेपाच तास. भूगोलाच्या पुस्तकातले साडेपाच तास, ग्रिनिच आणि आपल्यामधले. मीच हो म्हटलेलं. लिनक्स ग्रिनिचवरून आपली वेळ काढून दाखवत होतं. दादाच्या डॉसला त्यातलं काही माहीत नव्हतं, ते आतली वेळ जशीच्या तशी वाचत होतं. मी घरी नसताना सकाळी सव्वानऊ-साडेनऊला लिहिलेलं सगळं पहाटेचं होऊन बसलं होतं. त्या बुधवारीही सातनंतर वीज आलेलीच होती. शुक्रवारी मी घरी असायचो, म्हणून शुक्रवारच्या ओळी नव्हत्या.

चूक सापडली की मला नेहमी हलकं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

"वहिनी, हे तुम्ही?"

त्या दचकल्या नाहीत. पदराने हात पुसत म्हणाल्या, "मग कोण?"

"कधीपासून?"

"पयल्यापासून. त्यांना दम लागायचा, दोर कोण ओढणार? मी ओढायची. ते हितनं, खिडकीतनं, हनुवटी वर करून इचारायचे, पाणी? मी तिथनं बोटं दाखवायची." त्यांनी दोन्ही पंजे एकदा उघडून मिटले, मग चार बोटं, थोडं थांबून पुन्हा दोन्ही पंजे आणि पाच. चौदा हात पंधरा बोटं. "लूमच्या आवाजात बोलून काय उपेग? शेवटाला बोटं चालेनात त्यांची, तर लिवायची पण मीच. अक्षर न्हाय येत मला इंग्रजी. आकडे येतात."

म्हणजे त्या एक हजार एक्केचाळीस ओळींतलं मापही वहिनींच्याच हातचं होतं. त्या ओळींतली बोटं दादाची नव्हती, वहिनींची होती. मी मात्र त्या भागाला दादाचा भाग म्हणत होतो.

"मग पाच महिने का नाही लिहिलंत?"

"बंद केलं व्हतं ना सगळं. चादर घातली व्हती." त्या पडद्याकडे बघत होत्या. "तुमी त्या शुक्करवारी चालू केलंत. शनिवारी फडकं मारताना मी बटण दाबून बगितलं. उभी ऱ्हायले. काय दाबलं न्हाय. जरा थांबलं, आणि इचारलं त्यांनी. पाणी?"

ते दहा सेकंद मीच ठेवले होते.

"वहिनी, ते मशीन विचारतं."

"ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पण इचारल्यावर सांगायला नको?"

बाहेर गल्लीत कुणी बोलत नव्हतं. मशीनचा पंखा फिरत होता आणि पडद्यावर "बरं" तसंच होतं. मला पहाटे चारच्या आकड्यांची भीती वाटली होती. आता भर सकाळी, कारण समजल्यावर, मानेवर वेगळाच काटा आला. दादा बोलतो तो शब्द, दादा विचारतो तो प्रश्न, आणि समोर ओल्या हातांनी बसलेली त्याची बायको. ती घाबरलेली नव्हती, रडतही नव्हती. ड्युटी करत होती.

मग त्या सहज म्हणाल्या, "शुक्करवारी पुसणार हाय ना तुमी?"

मी दाराची कडी चाचपत राहिलो.

"सकाळी तुमची बायको बोलली मला. तिचा राग धरू नका. तिला वाटलं, मला म्हाईत असावं." त्या उठल्या, दोर गोळा करून गुंडाळायला लागल्या. "पुसा. पण गुरवारपर्यंतचं व्हऊ द्या."

त्यांनी मशीन बंद केलं. चादर उचलून बरोबर माझ्यासारख्या घड्या घातल्या. आणि दोर खिळ्याला लावून तशाच ओल्या पायांनी चाचांच्या घरी, बायकांत जाऊन बसल्या.

शुक्रवारी मी मशीनसमोर बसलो. पुसण्याचं काही केलं नाही. घड्याळाचा प्रश्न पुन्हा काढला आणि उत्तर नाही असं बदललं. त्या दिवसापासून दोन्ही भागांत एकच वेळ दिसू लागली. पहाटेच्या त्या ओळी दुरुस्त करणं सोपं होतं, प्रत्येकीत साडेपाच तास मिळवायचे. पण फाइल माझी नव्हती. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवलं ते लिवलं." मग राहू दिलं.

बदल एवढाच झाला की शुक्रवारची ओळही लिहिली जाऊ लागली. त्या दिवशी मशीनशी मी बसायचो, वहिनी विहिरीवर. खिडकीतून हनुवटी वर करायची मला लाज वाटायची. पहिल्या शुक्रवारी मी नुसता बघत राहिलो. त्याही दोर धरून उभ्या राहिल्या आणि बोटं दाखवेनात. शेवटी मी हनुवटी वर केली.

दशक संपता संपता, हिवाळ्यात, आम्ही विहिरीवर स्लॅब टाकला. शेडमधला कापूस आणि कचरा उडून पाणी खराब होत होतं, म्हणून आत पंप सोडून, पंपापुरतं झाकण ठेवून वरून बंद केली. आता दोर कुठून सोडणार? मी वहिनींना समजावलं की नोंद इथे संपली. शेवटच्या ओळीचा नंबर वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली.

स्लॅबचं पाणी सुकलं त्यानंतरच्या शुक्रवारी मी सवयीने मशीन चालू केलं. माझं बटण दाबायचं राहिलं आणि दहा सेकंद गेले. पडद्यावर आलं, "पाणी?" मी मान वर केली.

वहिनी स्लॅबवर उभ्या होत्या. चपला काढून, अनवाणी. हातात दोर नव्हता. लूम बंद होते, कुठे काही वाजत नव्हतं. त्या मान थोडी कलती करून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. एकदा टाच हलकेच आपटली. मग माझ्याकडे बघून दोन्ही पंजे उघडले, मिटले. सहा बोटं. थोडं थांबून तीन.

मी आजवर जो आकडा लिहिला तो मोजून लिहिला आहे. पंप काढून, झाकण उघडून हा आकडा पडताळता आला असता. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी सोळा टाकलं, तीन टाकलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर आलं, "बरं." वहिनींनी चपला घातल्या.